नव्या विहिरीचं पत्र

हातनोली नावाच्या गावात इंग्रजी वाचता येणारा माणूस एकच होता. त्याचं नाव भिकाजी. तरुणपणी तो सात वर्षं लष्कराच्या छावणीत रायटर होता. गोदामात आलेल्या पेट्यांवरची इंग्रजी अक्षरं वाचायची आणि कुठली पेटी कुठे ठेवायची ते हमालांना सांगायचं, एवढंच त्याचं काम. नोकरी संपवून तो गावी परतला तेव्हा त्याच्या अंगात काळा कोट होता, खिशात चष्मा होता आणि तोंडात दहा-वीस इंग्रजी वाक्यं होती. त्या दिवसापासून गाव त्याला रायटरअण्णा म्हणू लागलं.

तो काळच तसा होता. सरकारी कागद इंग्रजीत येत, तारा इंग्रजीत येत, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा इंग्रजीत असे. असा कागद कोणाच्या हाती पडला की तो घडी न मोडता थेट रायटरअण्णाच्या ओसरीवर येई. अण्णा चष्मा लावी, कागद जरा लांब धरी, ओठ हलवी आणि मग अर्थ सांगे. तोवर समोरचा माणूस श्वास रोखून बसलेला असे. परमुलखात गेलेला भाऊ जिवंत आहे की नाही, हे त्या माणसाला अण्णाच्या तोंडूनच कळायचं असे. अशा जागी वर्षानुवर्षं बसल्यावर माणसाला स्वतःबद्दल काहीबाही वाटू लागलं तर नवल नाही.

भिकाजी वाईट माणूस नव्हता. कागद वाचण्याबद्दल तो कोणाकडून सुपारीचं खांडही घेत नसे. बायको लवकर वारली. एकुलती एक मुलगी सगुणा, तिला त्याने मायेने वाढवलं आणि चांगल्या घरी दिलं. त्याच्यात खोट एकच होती. "मला हा शब्द येत नाही" एवढं वाक्य त्याला म्हणता येत नसे. अडलेला शब्द आला की त्याच्यासारखा दिसणारा एखादा ओळखीचा शब्द तो आठवी आणि त्याचाच अर्थ ठोकून देई.

एकदा जंगलखात्याने नाक्यावर इंग्रजी पाटी लावली. गाड्या इथे उभ्या कराव्यात, एवढंच त्या पाटीचं म्हणणं. उभं राहिलेलं, जागचं न हललेलं, याला इंग्रजीत स्टेशनरी म्हणतात. कागद, टाक, दौत यांनाही स्टेशनरीच म्हणतात. कानाला दोन्ही शब्द एक. लिहिताना मात्र एका अक्षराचा फरक पडतो आणि अर्थ पार दुसरीकडे जातो. भिकाजीला छावणीतली कागद-दौतीची पेटी तेवढी ठाऊक होती. त्याने गावात सांगितलं, "नाक्यावर लिहिण्याचं सामान मिळायला लागलंय."

म्हादू गाडीवानाला दौत हवी होती. तो दुकान शोधत शोधत गाडी तशीच पुढे हाकत गेला. नाक्यावरच्या शिपायाने त्याला पकडून दिवस मावळेपर्यंत बसवून ठेवलं. परत आल्यावर म्हादू म्हणाला, "अण्णा, तिथं दुकानबिकान काय न्हाई. गाडी उभी करा असं लिवलंय म्हनत्यात."

"आधी होतं दुकान," अण्णा म्हणाला. "उठलं असेल. पाटी बदलायला पाहिजे त्यांनी."

म्हादूने मान डोलावली. अण्णा चुकला असेल हा विचार त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही. अण्णाच्या मनाला तो शिवला, पण अण्णाने तो तिथल्या तिथे दाबून टाकला. कोणाचं फार काही बिघडलं नव्हतं.

हातनोलीला दोन विहिरी होत्या. जुनी विहीर ओढ्यापलीकडे, चढणीवर. तिथून पाणी आणायचं म्हणजे बायकांचा सकाळचा प्रहर जाई. म्हणून गावाने दोन उन्हाळे श्रमदान करून चावडीजवळच नवी विहीर खणली. पाणी लागलं ते काचेसारखं निर्मळ आणि चवीला गोड. येसाजी पाटलांनी पहिला घडा स्वतः ओढला. गुरांचं डबकं तिथून चाळीस पावलांवर होतं आणि जमिनीच्या पोटातून त्याचा पाझर विहिरीत उतरत होता, हे मात्र कोणाच्या डोळ्यांना दिसणारं नव्हतं.

वर्षभरात गावात हगवण सुरू झाली. आधी चार घरं, मग दहा. तालुक्याच्या दवाखान्यातून डॉक्टर आला. तो परमुलखातला होता, मराठी मोडकंतोडकं बोले, लिहिणं सगळं इंग्रजीत. त्याने नव्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं. तीन आठवड्यांनी पाटलांच्या नावे पत्र आलं. पाटील ते घेऊन अण्णाच्या ओसरीवर आले. त्यांच्यामागून निम्मं गाव आलं.

पत्र अडीच ओळींचं होतं. वरची तारीख, गावाचं नाव, नवी विहीर, हे सगळं अण्णाने झरझर वाचलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की, विहिरीचं पाणी पोटेबल नाही.

अण्णा थबकला. पोटेबल हा शब्द त्याने कधी पाहिला नव्हता. त्याने पुन्हा वाचलं. मग त्याला छावणीतल्या पेट्या आठवल्या. घडीचं टेबल, घडीची शेगडी, घडीची खाट. त्या पेट्यांवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असे, पोर्टेबल. म्हणजे उचलून नेण्याजोगं. इथे मधला एक र तेवढा नव्हता.

"साहेबाच्या कारकुनाने एक अक्षर गाळलंय," अण्णा जरासा हसून म्हणाला. "हल्ली कारकूनही कसले नेमतात!"

लोकही हसले. साहेबाच्या कारकुनाची चूक काढणारा माणूस आपल्या गावात आहे, याचं त्यांना कौतुक वाटलं.

"पण लिहिलंय काय, अण्णा?" पाटलांनी विचारलं.

"पाणी वाहून नेण्याजोगं नाही."

"म्हणजे?"

आता म्हणजे काय, ते अण्णालाही ठाऊक नव्हतं. पण इतकी माणसं तोंडाकडे बघत होती. त्याने चष्मा पुसला. "म्हणजे असं, की हे पाणी आहे तिथे चांगलं आहे. घरी नेऊन भरून ठेवलं की नासतं. तेव्हा विहिरीवर यावं, तिथंच प्यावं आणि जावं. घडे भरून न्यायचे नाहीत."

लोकांना ते पटलं. साठवलेलं पाणी नासतं हे कोणाला ठाऊक नाही? इतक्यात मागून एक बाई म्हणाली, "जे पानी घरात न्यायचं न्हाई, ते पोटात का वं न्यायचं?"

ती ठकूबाई होती, गावची सुईण. साठीची, ताठ कण्याची, थोडक्यात बोलणारी. गावातली निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्मली होती. अण्णाची सगुणाही तिच्याच हातची.

अण्णाचे कान तापले. "ठकूमावशी," तो म्हणाला, "तुला इंग्रजी येतं का?"

"न्हाई बा."

"मग ज्याला येतं त्याला बोलू दे."

लोक खो खो हसले. ठकूबाईने पदर सारखा केला आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून नव्या विहिरीवर राखणदार बसला. घडा भरून न्यायला बंदी. स्वयंपाकाला आणि धुण्याला जुन्या विहिरीचं पाणी, पिण्याला मात्र नव्या विहिरीवर जायचं. सकाळ-संध्याकाळ माणसं रांगेने येत आणि ओंजळीने पिऊन जात. आजाऱ्याला तहान लागली तर त्याला धरून विहिरीवर आणत. धोंडू तेल्याची पाच वर्षांची गंगी हगवणीने गळून गेली होती. तिची आई चंद्रा तिला काखेत घेऊन दिवसातून सहा वेळा विहिरीवर येई, ओंजळीने पाणी पाजी आणि परत नेई. अण्णांनी सांगितलंय, दवाखान्याचं पत्र आहे, मग त्यात हयगय करायची नाही, एवढंच त्या माउलीला कळत होतं.

ठकूबाई तेवढी ऐकत नव्हती. तिच्या हाताखाली तेव्हा तीन बाळंतिणी होत्या. त्यांच्यासाठी ती स्वतः चढण चढून जुन्या विहिरीचं पाणी आणी आणि तेच उकळून प्यायला देई. पंधरा दिवसांत गावातली तीन माणसं गेली, पण त्या तीन घरांत एकालाही काही झालं नाही. ठकूबाई पाटलांना जाऊन म्हणाली, "माझ्या बाळंतिनी बघा. एकीचं पोटबी दुखलं न्हाई. नव्या हिरीचं पानी बंद करा."

पाटील म्हणाले, "मावशी, पत्र आहे सरकारचं. तू सांगतेस ते खरं, की पत्र खरं?"

आजारी वाढले तसं पाटलांनी अण्णाला औषध आणायला तालुक्याला पाठवलं. डॉक्टरशी इंग्रजीत बोलायला तोच हवा. अण्णा पहाटेच बैलगाडीने निघाला आणि ऊन चढता चढता दवाखान्यात पोचला. डॉक्टर फिरतीवर गेला होता. कंपाउंडर होता, त्याने अण्णाला बसवलं आणि म्हणाला, "उन्हाचे आलात, आधी पाणी घ्या."

अंगणात दोन टाक्या होत्या. अण्णा जवळच्या टाकीकडे गेला. तोटीवर पाटी होती. वर इंग्रजीत लिहिलं होतं, नॉट पोटेबल. खाली मराठीत लिहिलं होतं, पिण्याचे नाही.

अण्णाचा हात तोटीवरच राहिला. त्याने दुसऱ्या टाकीकडे पाहिलं. तिथे वर होतं पोटेबल वॉटर, आणि खाली, पिण्याचे पाणी.

"त्या टाकीचं घ्या," कंपाउंडर आतून ओरडला. "हिचं झाडांना घालायचं." मग हसत बाहेर येऊन म्हणाला, "बघा ना, एका र ची गंमत. नवे शिपाई येतात ते हमखास चुकतात. मी त्यांना सांगतो, पोर्टर वाहून नेतो ते पोर्टेबल. आणि पोटात जातं ते पोटेबल. मग कोणी विसरत नाही."

अण्णाच्या डोळ्यांसमोर ती ओंजळीने पिणारी रांग आली. काखेत मूल घेतलेली चंद्रा आली. तो टाकीच्या कट्ट्यावर बसला.

"तुमचं गाव हातनोली ना?" कंपाउंडरने विचारलं. "तुमच्या नव्या विहिरीचं पत्र आम्हीच धाडलं होतं. बंद केलीत ना विहीर?"

विचारणारा परका होता. आजूबाजूला गावचं कोणी नव्हतं. खरं सांगायला याहून सोपी जागा मिळाली नसती. अण्णा म्हणाला, "केली. केव्हाच केली."

"छान. मग आता जे आजारी आहेत ते जुनेच. हळूहळू बरे होतील." कंपाउंडरने तीन बाटल्या औषध दिलं आणि तो आपल्या कामाला लागला.

परतीच्या वाटेवर अण्णा स्वतःशीच बोलत होता. गेल्या गेल्या चावडीवर जायचं. सगळ्यांसमोर सांगायचं की, माझं चुकलं, शब्द मला आला नाही. लोक रागावतील, पण पाणी तर बंद होईल. ओढ्याशी गाडी आली तेव्हा त्याचं मन ठरलं होतं. त्याला जरा हलकंही वाटू लागलं होतं.

ओढ्याकाठी माणसं जमली होती. धोंडू तेली गुडघ्यांत मान घालून बसला होता. गंगी त्या दुपारीच गेली होती. तिला नुकतीच पुरून ते सगळे अंघोळीला आले होते. अण्णाला बघून धोंडू उठला आणि त्याच्या गळ्यात पडला. "अण्णा, सहा सहा खेपा नेली वं तिला हिरीवर. तुम्ही सांगितलं तसंच केलं. कुटं कमी पडलो?"

चावडीवर सांगणं एक, आणि या गळ्यात पडलेल्या माणसाला सांगणं दुसरं. त्याने धोंडूची पाठ थोपटली. ओढ्याशी ठरलेलं मन ओढ्यातच राहिलं.

संध्याकाळी, उजेड होता तोवरच, चावडीवर गाव जमलं. "अण्णा, काय म्हणाला डॉक्टर?" पाटलांनी विचारलं.

विहीर तर बंद व्हायलाच हवी होती. आणखी एक गंगी जाऊ नये, असं अण्णाला मनापासून वाटत होतं. फक्त आपलं नाव मध्ये यायला नको होतं. तो सावकाश, शब्द तोलून बोलला. "नव्या विहिरीचं पाणी आजपासून कोणी पिऊ नका. पाणी मुळात चांगलं होतं. आता बिघडलंय. कोणी तरी त्यात काही तरी टाकलं असलं पाहिजे."

त्याने कोणाचं नाव घेतलं नाही. त्याला वाटलं होतं, लोक जरा कुजबुजतील आणि विसरतील.

"कोन टाकनार?" एकाने विचारलं. मग दुसरा म्हणाला, "नव्या हिरीवर कोनाचा राग होता?" तिसरा म्हणाला, "पैल्या दिवसापास्नं कोन सांगत होतं, हे पानी पिऊ नका म्हनून?" आणि मग चंद्रा, जिचं मूल सकाळी होतं आणि आता नव्हतं, ती उठून उभी राहिली. "तिच्या बाळंतिनी कशा बऱ्या ऱ्हायल्या? तिला ठावं होतं म्हनूनच ना!"

ठकूबाईचं शहाणपण तिच्यावरच उलटलं. माणसं तिच्या दाराशी गेली. ती भाकऱ्या थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "भिकाजी काय म्हनतोय?"

गर्दीच्या मागे अण्णा उभा होता. सगळ्यांनी वळून पाहिलं. अण्णाने मान खाली घातली. ते त्याच्या सज्जनपणाचं लक्षण आहे, असंच लोकांना वाटलं. बिचाऱ्याला म्हातारीवर आळ घ्यायला जड जातंय!

ठकूबाईला तव्यावरची भाकरी उलटायलाही सवड मिळाली नाही. लोकांनी तिला गावाबाहेर काढलं. एक गाठोडं घेऊन ती वेशीबाहेर पडली आणि दोन कोसांवर वडगावला भाचीकडे जाऊन राहिली. नवी विहीर गावाने दगडमातीने बुजवली. महिनाभरात हगवण थांबली. मग तर कोणालाच शंका उरली नाही. म्हातारी गेली आणि रोग गेला. अण्णाचा मान दुप्पट झाला.

पुढल्या माघात सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एके दिवशी पहाटे तिला कळा सुरू झाल्या. सूर्य डोक्यावर आला तरी सुटका होईना. शेजारच्या बायका घाबरल्या. "मूल आडवं आलंय," त्या म्हणाल्या. "हे आमचं काम न्हाई, अण्णा. हे काम करनारी एकच होती."

अण्णाने गाडी जुंपली आणि बैल पळवत वडगाव गाठलं. ठकूबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. वर्षभरात ती बरीच वाकली होती. अण्णा तिच्या पायांशी बसला. "मावशी, सगुणा अडलीय. चल. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी चल."

"मी येईन," ठकूबाई म्हणाली. "ती पोर माझ्या हातची. पर वेशीवर मला अडवतील. काय सांगशील त्यास्नी?"

"खरं सांगेन. सगळं सांगेन."

तिने त्याच्याकडे एकदा निरखून पाहिलं, हात झटकले आणि ती गाडीत बसली.

वेशीवर धोंडू तेली आडवा आला. त्याच्यामागे आणखी दहाजण. "अण्णा, ही बाई आत येनार न्हाई. माझी लेक खाल्ली हिनं."

हीच वेळ होती. समोर तोच माणूस होता, ज्याला खरं कळायला हवं होतं. गाडीत तीच बाई होती, जिच्यावर आळ होता. घरातून सगुणाचं कण्हणं अण्णाच्या कानांत अजून घुमत होतं. तीन शब्द पुरले असते. माझी चूक होती.

अण्णाने तोंड उघडलं. धोंडूच्या डोळ्यांत पाहिलं. आणि त्याच्या तोंडून निघालं, "धोंडू, मी हिला माफ केलंय. तूही कर. पोरीच्या जिवासाठी एवढं कर."

धोंडू बाजूला झाला. कोणी तरी म्हणालं, "अण्णा देवमाणूस आहे."

परत फिरावं असं ठकूबाईच्या मनात आलं असेल, तर ते कोणाला दिसलं नाही. ती गाडीतून उतरली, घरात गेली आणि दार लावून घेतलं. दोन घटकांनी आतून मुलाचं रडणं ऐकू आलं. बाळ आणि बाळंतीण दोघंही सुखरूप होती.

परसात ठकूबाई हात धूत होती. अण्णा लुगडं आणि नारळ घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. तिने लुगड्याला हात लावला नाही.

"हे नगं," ती म्हणाली. "मला एवढंच सांग. त्या कागदात काय लिवलं होतं?"

परसात दुसरं कोणी नव्हतं. अण्णा हळूच म्हणाला, "पिण्याजोगं नाही."

"म्हंजे मी म्हनत होते तेच."

"हो."

"कवा कळलं तुला?"

"गंगी गेली त्या दिवशी."

ठकूबाईने ओले हात पदराला पुसले. "पुढं ओट्यावर धोंडू बसलाय," ती म्हणाली. "आता जाऊन सांग त्याला. माझ्यासाठी नगं. त्याच्या बायकोला वाटतंय मी तिची पोर मारली. रोज शिव्याशाप देती म्हनं मला. असं शापत ऱ्हायलं तर मानसाचं सोताचंच घर अंधारात ऱ्हातं, भिकाजी."

"सांगतो," अण्णा म्हणाला. "पण आज नको, मावशी. आज घरात बाळ आलंय."

ठकूबाईने मान हलवली. मागच्या दाराने ती बाहेर पडली आणि शेताच्या बांधावरून वडगावच्या वाटेला लागली. तिला पोचवायला गाडी जुंपावी, हेही अण्णाला सुचलं नाही.

तो पुढे ओट्यावर आला. लोकांनी त्याला मध्ये बसवलं. सगळ्यांना पेढे वाटले गेले. धोंडू उठला आणि वाकून अण्णाच्या पाया पडला. "अण्णा, आज तुमच्यामुळं मनातलं विष उतरलं," तो म्हणाला. "जिनं एवढं वाईट केलं तिला तुम्ही माफ करता, तर मी कोन?"

अण्णाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याला आशीर्वाद दिला.

ठकूबाई त्यानंतर चार वर्षांनी वारली. हातनोलीतून तिच्या मातीला कोणी गेलं नाही. भिकाजी पुष्कळ जगला. ज्या दिवशी खरं सांगायचं होतं, तो दिवस काही उगवला नाही. लोक शेवटपर्यंत त्याच्याकडून पत्रं वाचून घेत राहिले आणि तो शेवटपर्यंत त्यांचे अर्थ सांगत राहिला.

तात्पर्य: सारखे दिसणारे शब्द सारख्याच अर्थाचे असतात असं नाही, म्हणून न येणारा शब्द विचारून घेण्यात कमीपणा मानू नये, आणि चूक उमगली की त्याच घटकेला ती कबूल करावी, नाही तर आपल्या मानापायी एखाद्या निरपराध माणसाला जन्मभर गुन्हेगार म्हणून जगावं लागतं.